पाण्याला घड्याळ लावताना



चैत्र सरला की लग्नाच्या पत्रिका दाराशी येऊ लागतात. भाच्याचे लग्न, साडूच्या घरची वास्तुशांत, शिवाय लेकीला माहेरपणाला आणायचे असते. दोन-चार दिवस तरी घर सोडून जावे लागते. गुरांचे कुणीतरी पाहते. वैरण टाकायला शेजारी मिळतो, धार काढणाराही मिळतो. पण परसातल्या मिरच्या, वांगी, दोडक्याचा वेल यांना पाणी घालायला कुणी मिळत नाही. मिळाला तरी तो एका झाडाला बादलीभर ओततो आणि दुसऱ्याला विसरतो. चार दिवसांनी परत येऊन पाहावे तर कढीपत्त्याची नुसती काडी उभी!

यावर बाजारात एक उपाय मिळतो. नळाला लावायचे घड्याळ. दुकानदार त्याला टायमर म्हणतो. परदेशात घरापुढच्या हिरवळीवर तुषार उडवायला ही यंत्रे लावतात. मालक झोपेत असताना पाणी सुरू होते आणि ठरल्या मिनिटाला बंद होते. आपल्या दारात हिरवळ कुठली? असली तरी शेळी ती ठेवील काय? पण परसबाग आपल्याकडे आहे आणि तिला हेच घड्याळ चालते. मी ते तीन उन्हाळे वापरतो आहे. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने मला हिसका दाखवला. तो आधी सांगतो आणि मग जोडणीकडे वळतो.

आमच्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी चार दिवसांआड येते. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे. पिण्याचे, सांडण्याचे सगळे पाणी तिचेच. मी शहाण्याने त्याच टाकीच्या परसातल्या नळाला टायमर लावला. पहाटे सहा वाजता सुरू, वीस मिनिटांनी बंद. दोन दिवस उभे राहून पाहिले, अगदी घड्याळाबरहुकूम काम. तिसऱ्या दिवशी आम्ही नवरा-बायको लग्नाला गेलो. घरी म्हातारी आई एकटी. त्या रात्री घुशीने नळी नळापाशीच कुरतडली. पहाटे सहाला टायमरने इमानाने पाणी सोडले. ते झाडांना न जाता भिंतीशी सांडले. वीस मिनिटांत तीन-चारशे लिटर गेले असेल. दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. आईचे गुडघे दुखतात, ती सकाळी परसात जात नाही. स्वयंपाकघरातली तोटी कोरडी झाली तेव्हा तिला कळले. नळाला पाणी यायला अजून दोन दिवस होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई कळशी घेऊन शेजारच्या दाराशी गेली. आम्ही परतलो तेव्हा ती मला काही बोलली नाही. भिंतीकडच्या चिखलाकडे फक्त बोट दाखवले.

यंत्र बिघडले नव्हते. सांगितले तेवढे त्याने केले. टायमरला वेळ कळते, पाणी कुठे चालले आहे ते कळत नाही. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की पिण्याच्या टाकीला टायमर लावू नका. त्याच्या पाठीशी तेवढेच पाणी ठेवा, जेवढे वाया गेले तरी घर अडणार नाही. दोनशे लिटरचा वेगळा ड्रम घ्या. औषधाचा किंवा रसायनाचा ड्रम मात्र कितीही धुतला तरी घेऊ नका. त्या झाडांची वांगी आपल्याच ताटात येणार आहेत. ड्रम निळा किंवा काळा असावा, म्हणजे आत शेवाळ धरत नाही. तोंडाला जाड फडके घट्ट बांधून वर झाकण ठेवा. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो.

ड्रम चार फूट उंच ओट्यावर किंवा भक्कम घोडीवर ठेवा. भरल्यावर त्याचे वजन दोन क्विंटलच्या पुढे जाते, तेव्हा चार विटा रचून भागणार नाही. तोटी बुडापासून चार बोटे वर बसवा, म्हणजे गाळ खाली राहतो.

आता खरेदीत लोक जिथे फसतात ती गोष्ट सांगतो. पाण्याचा दाब उंचीवर असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब. चार फुटांवरच्या ड्रमाचा दाब त्याच्या पाचव्या हिश्शाइतकाही धड भरत नाही. एवढ्याशा दाबावर तुषार उडत नाहीत, फवारा नुसता लाळ गाळतो. तुषार हवे असतील तर मोटरच्या दाबाची लाइन पाहिजे. ड्रमावर ठिबकच. आणि टायमरही दोन जातींचे असतात. एकात रबरी पडदा असतो. तो नीट उघडमीट करायला पाण्याचा दाब लागतो, ड्रमावर तो काम देत नाही. दुसऱ्यात छोटी मोटर बॉल कॉक फिरवते. त्याला दाब नसला तरी चालते. खोक्यावर किमान दाब लिहिलेला असतो. तिथे शून्य असेल तोच घ्या. दुकानदार म्हणेल, सगळे सारखेच असतात हो. त्याला खोके वाचून दाखवा.

जोडणीचा क्रम असा धरा: ड्रमाची तोटी, मग गाळणी, मग टायमर आणि त्यापुढे ठिबकची नळी. गाळणी टायमरच्या आधी पाहिजे, नाहीतर एक खडा आत अडकला की कॉक अर्धवट उघडा राहतो. टायमरचे आटे बहुधा पाऊण इंची असतात आणि आपल्या तोट्या अर्धा इंची, तेव्हा जोडाचा तुकडा आठवणीने बरोबर आणा. आत वायसर बसला आहे ना ते पाहा आणि हाताने आवळा. पाना लावू नका. प्लॅस्टिकचे आटे एकदा गेले की गेले. टायमरवर दुपारचे ऊन येऊ देऊ नका. वर जुन्या डब्याची टोपी केली तरी चालते. नळीचे शेवटचे टोक उघडून एकदा पाणी वाहू द्या, आतला कचरा निघून जाईल, मग टोक बंद करा. घुशीचा अनुभव घेतल्यापासून मी ड्रमाजवळची दोन हात नळी लोखंडी पाइपाच्या तुकड्यातून नेली आहे.

आता मिनिटे किती लावायची? इथे पाकिटावर विसंबू नका. ड्रिपरच्या पाकिटावर ताशी चार लिटर लिहिलेले असते, पण ते एक किलो दाबाचे माप. ड्रमावर तो निम्म्याहून कमी देतो. दाब सारखा ठेवणारे जे महाग ड्रिपर मिळतात ते तर इतक्या कमी दाबावर कामालाच येत नाहीत, साधे घ्या. मग घरातले दुधाचे माप काढा. ड्रम निम्मा भरलेला असताना एका ड्रिपरखाली वाटी ठेवा आणि पंधरा मिनिटांत किती पाणी जमते ते मोजा. ड्रम भरलेला असताना पाणी जास्त पडते आणि तळाला गेल्यावर कमी, म्हणून निम्म्यावरचे माप खरे. नळीच्या आरंभाला एकदा आणि शेवटाला एकदा मोजा. फार फरक निघाला तर नळी लांब झाली किंवा जमीन चढाची आहे असे समजा.

आमच्याकडे पंधरा मिनिटांत चारशे मिलिलिटर पडले. उन्हाळ्यात वांग्या-मिरचीच्या वाढत्या झाडाला दिवसाला दोन लिटर तरी पाहिजे. म्हणजे पाच वेळा पंधरा, पंचाहत्तर मिनिटे. वीस झाडांना दिवसाचे चाळीस लिटर झाले. दोनशे लिटरच्या ड्रमात तोटीखालचे सोडून चार दिवस निभावते. पाचव्या दिवशी घरी या नाहीतर कुणाला तरी ड्रम भरायला सांगून जा. झाडाच्या बुडाशी उसाचे पाचट किंवा वाळले गवत चार बोटे पसरले तर ओल आणखी टिकते.

माझे पंचाहत्तर तुमचे पंचाहत्तर नव्हेत. मुरमाड जमिनीत पाणी खाली निसटते, तिथे वेळ दोन भागांत तोडून सकाळ-संध्याकाळ द्या. भारी काळ्या जमिनीत एक दिवसाआड आणि दुप्पट वेळ दिला तरी चालते. तिला रोज भिजत ठेवली की मुळ्या गुदमरतात आणि पाने पिवळी पडतात. मग बाई म्हणते पाणी कमी पडले आणि आणखी पाणी वाढवते! बुडापासून वीतभर दूर बोट खुपसून पाहा. माती मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला पाणी लागू नये. वाफसा तुम्हाला मी काय शिकवणार?

घड्याळ लावायचे काम आता उरले. बटणांच्या टायमरला चार गोष्टी सांगाव्या लागतात: आत्ता किती वाजले, पाणी कधी सोडायचे, किती वेळ सोडायचे आणि किती दिवसांनी सोडायचे. पहिल्याच गोष्टीत चूक होते. सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा यांत यंत्र अक्षरांवरून फरक करते. ती अक्षरे पाहिली नाहीत तर पाणी भलत्याच वेळी सुटते. घरात शाळेत जाणारे पोर असेल तर त्याच्याकडून लावून घ्या, पण तुम्ही शेजारी बसा आणि पुन्हा स्वतः लावून पाहा. पोर दहावीनंतर शहरात जाईल, टायमर इथेच राहील.

दुसरा प्रकार दोन चाव्यांचा. एक चावी किती तासांनी याची, दुसरी किती मिनिटे याची. त्यात वाजले किती हे सांगायची सोयच नसते. तुम्ही चावी फिरवाल तीच त्याची सुरुवात. दुपारी बाराला फिरवली तर तो रोज दुपारी बारालाच पाणी सोडणार. म्हणून सकाळी ज्या वेळेला पाणी हवे त्याच वेळेला उठून चावी फिरवा. अंगठा चालवायची सवय नसलेल्या माणसाला हाच टायमर बरा, असे माझे मत आहे.

वेळ पहाटेची उत्तम. दुपारी उन्हाने आणि वाऱ्याने पाणी उडते. तुषार असतील तर संध्याकाळी मुळीच नको, रात्रभर पाने ओली राहिली की करपा येतो.

आणि एकदा लावलेली मिनिटे वर्षभर ठेवू नका. हिवाळ्यात दिवसाला चार मिलिमीटरच्या आसपास बाष्पीभवन होते, तेच मे महिन्यात सोलापूर-मराठवाड्याकडे दहाच्या पुढे जाते. पौषातली मिनिटे वैशाखात निम्मीसुद्धा पुरणार नाहीत. मी संक्रांत, होळी आणि अक्षय्यतृतीया या तीन सणांना मिनिटे बदलतो.

सेल चांगले, नवे आणि एकाच वेळी बदला. बॉल कॉकवाल्या काही टायमरांत सेल मेला की कॉक आहे त्या जागीच थांबतो. उघडा असताना मेला तर उघडाच! गावाला निघण्याआधी नवे सेल घालायला विसरू नका. आणि नवी जोडणी केली की लगेच घर सोडू नका, निदान चार दिवस तिच्यावर नजर ठेवा.

विजेवर चालणारे मोठे टायमरही मिळतात. एकाच पेटीतून चार-सहा भागांना पाळीपाळीने पाणी देतात. रोपवाटिकेला ते चांगले. परसबागेला एवढा थाट कशाला? आणि कुणी म्हणेल की विहिरीवरच्या मोटरचा ऑटो स्विच म्हणजे हेच ना, तर ते हे नव्हे. रात्रीच्या पाळीची वीज आली की विंचू-काट्यातून, बिबट्याच्या भीतीत मोटर चालू करायला कोण जाईल म्हणून लोक ऑटो बसवतात. त्यांची अडचण खरी आहे. पण वीज आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या मोटरी एका झटक्यात सुरू होतात आणि रोहित्र जळते. मग आठ-आठ दिवस कुणालाच पाणी नाही. ऑटो काढा, कपॅसिटर बसवा, असे महावितरण म्हणूनच सांगत असते. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी.

मृगाचा पाऊस धरला की मी टायमर काढतो. सेल बाहेर काढतो, नाहीतर ते आत पाझरून तारा खातात. गाळणी धुऊन, कोरडी करून सगळे एका डब्यात बियाण्याच्या पुडक्यांशेजारी ठेवतो.

आणि एक सोय आईने सुचवली, ती सांगायची राहिली. ड्रमाच्या तोटीजवळून पारदर्शक नळीचा एक तुकडा वरपर्यंत उभा बांधला आहे. आतले पाणी किती आहे ते तिच्यात दिसते. चाळीस लिटर गेले की पाणी आठ बोटे उतरते, तशा रंगाच्या खुणा केल्या आहेत. आई सकाळी चुलीपाशी बसल्या जागेवरून दारातून तिकडे पाहते. एका दिवसात दोन खुणा उतरल्या तर शेजारच्या पोराला हाक मारून तोटी बंद करायला लावते.