खुब्यातल्या वाटीचीही नोंद ठेवा

सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याची पातळी रोज नोंदली जाते. येलदरीतून किती पाणी आले, कालव्याला किती सोडले, याचा हिशेब लागतो. आपल्या औंढा नागनाथ तालुक्यात किती जणांनी खुबा बदलून घेतला आणि आत कोणत्या कंपनीचा सांधा आहे, हे सांगणारी सक्तीची वही मात्र नाही. ती हवी. का, ते मुद्द्यांत मांडतो.

१. झीज ठरलेलीच आहे. बदललेल्या खुब्यात मांडीच्या हाडावर गोळा असतो, कमरेच्या हाडात वाटी आणि वाटीला आतून अस्तर, म्हणजे लायनर. इंग्लंडचे जॉन चार्न्ली यांनी आधी टेफ्लॉन वापरले. ते थोड्याच वर्षांत झिजले. १९६२पासून त्यांनी पॉलिएथिलीन आणले. पुढे आलेले क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन फार कमी झिजते, पण झिजते.

२. दुखत नाही म्हणजे सगळे ठीक, असे नव्हे. मोटारीचा बुश गेला की आवाज येतो. अस्तर बहुधा मुकाट्याने झिजते. त्याचे बारीक कण शरीरातल्या पेशी गिळतात, दाह होतो आणि भोवतालचे हाड विरघळू लागते. वाटी सैल होऊन कळ येईपर्यंत बरेच हाड गेलेले असू शकते. एक्स-रेवर हे आधी दिसू शकते, म्हणून चालता-फिरता माणूसही ठरावीक काळाने तपासायला हवा.

३. नोंद नसली की काय होते, हे देशाने पाहिले आहे. डी प्यू कंपनीच्या ‘एएसआर’ खुब्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट-क्रोमियम रक्तात उतरत होते. ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय नोंदवहीमुळे पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियांचे वाढते प्रमाण लक्षात आले आणि तिथे २००९मध्येच तो बाजारातून निघाला. जगभरातून तो ऑगस्ट २०१०मध्ये मागे घेतला गेला. भारतात तो सुमारे ४,७०० जणांना बसवला होता. त्यांतल्या बहुसंख्यांचा पत्ताच लागला नाही. २०१८मध्ये सरकारने भरपाईचे सूत्र ठरवले, पण आपल्या मांडीत काय आहे हेच ठाऊक नसलेला माणूस ती मागणार कशी?

४. मागण्या साध्या आहेत.
(अ) सांध्याच्या खोक्यात येणारे नाव-क्रमांकाचे स्टिकर रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवावे आणि तपशील मराठीत लिहून द्यावा.
(आ) खुबा सरकारी योजनेतून बदललेला असो वा पदरच्या पैशाने, राज्याच्या नोंदवहीत त्याची नोंद सक्तीची करावी.
(इ) तपासणीच्या एक्स-रेची सोय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातच व्हावी. आशाताईंकडे गावातल्या अशा रुग्णांची यादी असावी.
(ई) बिघाड आढळला की डॉक्टरांनी तो वैद्यकीय उपकरणांमुळे झालेल्या अपायाची नोंद घेणाऱ्या, २०१५पासून चालू असलेल्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवावा.

५. ‘खर्च कोण करणार?’ स्टिकर खोक्यात असतेच, एक्स-रे स्वस्त असतो. महाग पडते ती दुसरी शस्त्रक्रिया. तेव्हा माणूस म्हातारा झालेला असतो आणि वाटी बसवायला हाडही कमी उरलेले असते.

६. शासननिर्णयाची वाट पाहू नका. घरात कुणाचा खुबा बदललेला असेल तर आजच फाइल काढा, स्टिकर शोधा. नसेल तर दवाखान्याकडे लेखी मागा आणि आलेला कागद रेशनकार्डासोबत जपून ठेवा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडला, तर वहीचे पहिले पान सिद्धेश्वरातच लिहिले जाईल.