आधी टेम्पोवाला शोधा, सायकली नंतर!



पर्यटनाच्या धंद्यावरचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, नदीकाठानं सायकल टूर सुरू करायचीय. दहा-पंधरा सायकली घेतो. कर्ज मिळतंय. घेऊ का?"

माझं उत्तर सरळ आहे. धंदा जरूर करा, पण सायकलींसाठी कर्ज काढू नका. का, ते व्हिडिओत सांगायला वेळ पुरला नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितोय. शांतपणे वाचा आणि वही-पेन जवळ ठेवा.

हा धंदा जिथं मुरलाय, तिथंच आधी जाऊन बघू. जर्मनीच्या सरहद्दीवर पासाऊ नावाचं गाव आहे. डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा तिथं संगम होतो. तिथून डॅन्यूबच्या काठाकाठानं ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्नापर्यंत सायकलचा रस्ता जातो. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या 'युरोव्हेलो ६' या लांबलचक सायकलमार्गाचा हा एक तुकडा. आठवडाभरात, रोज ५० किलोमीटरच्या आसपास चालवत, साधी नोकरदार माणसंही तो आरामात पुरा करतात.

हा रस्ता मुळात सायकलीसाठी बांधलेलाच नाही. पूर्वी मालाच्या होड्या प्रवाहाच्या उलट दिशेनं नेताना काठावरून घोडे जुंपून ओढायचे. त्या घोड्यांची ही वाट, तिला तिकडं 'ट्रेपेलवेग' म्हणतात. वाफेची जहाजं आली, घोडे गेले, वाट उरली. पुढं तीच सायकलवाल्यांच्या कामाला आली. म्हणजे रस्ता आयता, तोही जवळपास सपाट. बहुतेक लोक प्रवाहाबरोबर खाली जातात. उतार नावालाच असतो आणि वाराही बहुधा पाठीमागून येतो.

आता वाटेतली गावं बघा. मेल्कला टेकडीवर बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे, १०८९ साली स्थापन झालेला. मेल्क ते क्रेम्स हा ३६ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाउचं खोरं, २००० सालापासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि जर्दाळूच्या बागा. मध्येच ड्युर्नश्टाइन लागतं. इंग्लंडचा राजा रिचर्ड धर्मयुद्धावरून परतताना पकडला गेला आणि ११९२-९३ च्या हिवाळ्यात इथल्या किल्ल्यात कैदेत होता. किल्ला आज पडका आहे. पण ही एक गोष्ट ते चिमुकलं गाव आठशे वर्षांनंतरही विकतंय!

गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?

आता मुद्द्यावर या. त्या रस्त्यावर जायला तिकीट नाही. जागोजागी पाट्या आहेत, नकाशे मिळतात, स्वतःची सायकल घेऊन कुणीही जाऊ शकतं. तरी लोक टूर कंपनीला पैसे मोजतात. कशाचे?

सकाळी हॉटेलात बॅग ठेवून निघायचं आणि संध्याकाळी पुढच्या गावच्या हॉटेलात ती बॅग आपल्या आधी पोचलेली असते, याचे. रात्री खोली नक्की मिळणार, याचे. चेन तुटली तर एका फोनवर माणूस येणार, याचे. पाय दुखले तर मेल्कहून क्रेम्सला सायकलसकट बोटीनं जाता येतं, हे वेळेवर सांगणारं कुणीतरी सोबत आहे, याचे. आणि मठाच्या दारात उभं राहून तिथला इतिहास आपल्या भाषेत समजावणाऱ्या गाइडचे.

म्हणजे विकली जाते ती निश्चिंती. सायकल हे फक्त निमित्त आहे. ती भाड्यानं आणता येते, गिऱ्हाईक स्वतःचीही आणू शकतं. बॅग वेळेवर पोचवणारा भरवशाचा टेम्पोवाला मात्र तुम्हालाच शोधावा लागतो. म्हणून हे शीर्षक.

आपल्याकडं आणताना

आता कृष्णाकाठ घेऊ. माल आपल्याकडं कमी नाही. वाईचा घाट, १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं ढोल्या गणपतीचं देऊळ. तिथून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि घाटावरची ती पोर्तुगीज घंटा, वसईच्या विजयानंतर आलेली. खाली साताऱ्याजवळ संगम माहुली, मग कराडचा प्रीतिसंगम, पुढं मिरजेची सतार आणि नरसोबाची वाडी. गोष्टींच्या बाबतीत ड्युर्नश्टाइनला आपण सहज मागं टाकू.

पण आपल्याकडं घोड्यांची वाट नाही. काठानं सलग रस्ता नाही. गावागावांतले रस्ते जोडत जावं लागतं आणि मध्येच हायवे आडवा येतो. पावसाळ्यात पुराची भीती. पाऊस संपला की कारखाने सुरू होतात आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर उतरतात. त्यामुळं व्हिएन्नाची आठवडाभराची टूर उचलून इथं आणू म्हणाल, तर पहिल्याच खेपेला हात पोळतील. वाई ते माहुली, दोन दिवस, एक मुक्काम, सकाळी लवकर निघून ऊन तापायच्या आत आटोपणारी सहल मात्र शक्य आहे.

आता वही उघडा

खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावचे भाव घाला. ८ माणसं, माणशी ६,५०० रुपये. जमा ५२,०००.

- सायकल भाडं: लीडर धरून ९ × ५०० × २ दिवस = ९,०००
- टेम्पो, ड्रायव्हर, डिझेल: ८,०००
- पाहुण्यांच्या ४ खोल्या: ८,०००
- लीडर-ड्रायव्हरची खोली: १,५००
- जेवणखाण: १० माणसं × ७०० × २ दिवस = १४,०००
- स्थानिक माहितगार: २,०००
- पंक्चर, पाणी, प्रथमोपचार: १,५००

एकूण खर्च ४४,०००. उरले ८,०००. यात तुमची मजुरी, फोन, जाहिरात सगळं आलं.

आता हेच गणित ५ माणसांचं करा. जमा ३२,५००. सायकल, खोल्या आणि जेवणाचा खर्च कमी होतो, टेम्पोचा होत नाही. खर्च ३४,८००. खिशातून २,३०० गेले. ६ माणसं आली तर १,८०० उरतात. म्हणजे ६ नावं पैशासकट आल्याशिवाय तारीख पक्की करायची नाही. हा नियम भिंतीवर लिहून ठेवा.

आणि कर्जाच्या सायकली? १० सायकली, २० हजारांची एक, झाले दोन लाख. ऑक्टोबर ते फेब्रुवारी मिळून शनिवार-रविवार धरले तर वापर जेमतेम ४० दिवस. उरलेले सव्वातीनशे दिवस त्या गोडाऊनमध्ये गंज खाणार आणि हप्ता मात्र दर महिन्याला जाणार. घरच्यांच्या दागिन्यांवर किंवा आईवडिलांच्या एफडीवर असा धंदा उभा करू नका. मी स्वतः दुकानदार आहे. न हलणारा माल रात्रीची झोप कशी उडवतो, ते दुकानदाराला सांगावं लागत नाही.

गावाला वाटेकरी करा

काहीजण म्हणतील, "सर, मोठी कंपनी आली तर आपण संपलो." मला तसं वाटत नाही. ऑस्ट्रियात १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफनं द्राक्षमळेवाल्यांना स्वतःची वाइन स्वतःच्या दारात विकायची मुभा दिली. ती दुकानं उघडी असली की दारावर हिरवी डहाळी टांगतात. सायकलवाला डहाळी बघतो आणि थांबतो. पैसा थेट मळेवाल्याच्या हातात. अशी दहा-वीस घरं वाटेवर असतात म्हणूनच तो प्रवास गोड लागतो.

तुमच्या वाटेवरही पिठलं-भाकरी देणाऱ्या ताई, गुऱ्हाळवाले काका, पंक्चर काढणारे दादा आहेत. त्यांना ठरलेले पैसे, ठरलेल्या दिवशी, न मागता द्या. त्यांच्याशी असलेलं तुमचं नातं बाहेरच्या कंपनीला एका सीझनमध्ये जमणार नाही. आणि घाटावर उभं राहून इतिहास सांगताना थापा मारू नका. चार गोष्टी सांगा, पण खऱ्या सांगा. गिऱ्हाइकाच्या हातात मोबाइल असतो, ते लगेच शोधून बघतं!

या रविवारचा गृहपाठ

तुमच्या जवळच्या नदीकाठचा ३० किलोमीटरचा पट्टा निवडा. उसनी सायकल घ्या आणि स्वतः चालवा. वहीत पाच गोष्टी लिहा: सावली कुठं आहे, पाणी कुठं मिळतं, बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट कुठं आहे, पंक्चरचं दुकान कुठं आणि जवळचा दवाखाना किती लांब. संध्याकाळी तीन टेम्पोवाल्यांना भाडं विचारा. ही पाच उत्तरं आणि तीन भाव हातात नसतील, तर बँकेची पायरी चढायची घाई करू नका.

पुढच्या व्हिडिओत ॲडव्हान्स घेणं आणि बुकिंग रद्द झालं तर काय करायचं, यावर बोलू. वही भरून या!