वाकायचे कोणापुढे?

'नम्र' हा शब्द आपल्याकडे फार स्वस्त झाला आहे. निवडणुकीच्या भित्तिपत्रकावर 'आपला नम्र', लग्नपत्रिकेच्या तळाशी 'आपले नम्र', रजेच्या अर्जाखाली तर तो हवाच. शब्द वाकलेला असतो, माणूस ताठच असतो.

ख्रिस्ती धर्माने जिला एवढे मोल दिले ती नम्रता मुळात बोलण्याची नव्हेच. योहानाच्या शुभवर्तमानात आहे की, अखेरच्या भोजनाच्या वेळी येशूने कमरेला रुमाल बांधला, भांड्यात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. त्या काळी हे दासाचे काम. पेत्राला ते सहन झाले नाही. गुरू वरच्या पायरीवरच हवा, म्हणजे आपलीही पायरी पक्की राहते. पेत्राचा नकार मला असा दिसतो. पवित्र गुरुवारी कॅथलिक चर्चमध्ये हा विधी आजही होतो. प्रश्न उरतो तो शुक्रवारपासूनचा.

ख्रिस्ती नम्रता म्हणजे मान खाली घालून सारे सोसणे, अशी एक समजूत आहे आणि तिची थट्टाही पुष्कळ होते. अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता नवख्रिस्ती बाई निमूटपणे ऐकेल, असे तिथल्या वडीलधाऱ्यांना वाटले असावे. पण त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा आक्षेप बिशपांनी घेतला, तेव्हा माझ्या वडिलांनी आणि पतीनेही असा आक्षेप कधी घेतला नव्हता, असे त्यांनी रोखठोक कळवले. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार 1977 मध्ये पुस्तकरूपाने आला. इंग्रजी विषयाच्या मित्रांनी तो जरूर वाचावा. धर्म स्वीकारूनही सद्सद्विवेक गहाण न टाकणारी बाई त्यात भेटते.

हीच बाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेली आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आली. केडगावच्या 'मुक्ती'मध्ये त्यांच्यासोबत राहिली. बिशपापुढे ताठ आणि अनाथ पोरीपुढे वाकलेली.

आपले नेमके उलटे चालते. प्राचार्यांच्या खोलीत शिरताना आपला आवाज उतरतो, आणि बाहेर स्टुलावर बसलेल्या, वडिलांच्या वयाच्या शिपायाला आपण 'अरे' म्हणतो. उपाहारगृहातल्या पोऱ्याकडून चहा सांडला की पाहावे! प्राध्यापकही याला अपवाद नाहीत (संपादकांनी हे वाक्य ठेवले तर त्यांचे आभार). वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने चूक दाखवली की तास कसा गंभीर होतो, हे सर्वांना ठाऊक आहे. वरच्यापुढे वाकणे हा व्यवहार आहे; त्यात लाभ असतो. जिथे लाभ नाही तिथे वाकण्याला ख्रिस्ती परंपरा नम्रता म्हणते, आणि अशी संधी रोज कॉलेजच्या फाटकापासून सुरू होते. स्नेहसंमेलनाच्या आभारप्रदर्शनात पाहुण्यांची बिरुदे अचूक पाठ असतात. मंडपातल्या खुर्च्या उचलणारे मात्र 'ज्ञात-अज्ञात' या एका शब्दात आटोपतात.

रमाबाईंचे एक काम मला सर्वांत मोठे वाटते, पण त्याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रचलित मराठी बायबलची संस्कृतप्रचुर भाषा साध्या बायकांना कळत नाही, हे त्यांना जाणवले. मग त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि सारे बायबल सोप्या मराठीत स्वतः उतरवले. 1922 मध्ये मृत्यू आला तोवर त्या या कामाला जुंपलेल्या होत्या. ते छापले गेले केडगावच्याच छापखान्यात, तिथल्या मुली-बायकांच्या हातांनी. संस्कृतात शास्त्रार्थ करणाऱ्या विदुषीने नुकतीच अक्षरओळख झालेल्या बाईसाठी आपले पांडित्य बाजूला ठेवले. आमच्या वार्षिकातले, अगदी या अंकातलेही, किती लेख आमच्या शिपायाला किंवा झाडलोट करणाऱ्या मावशींना वाचून कळतील, हे मी मोजून पाहिलेले नाही. पण अंकाचे गठ्ठे उचलून ग्रंथालयात आणतात ते तेच.