‘घरी घेऊन जा’ म्हटल्यानंतर

‘आता घरीच न्या, घरीच सेवा करा.’ कॅन्सरचा शेवटचा टप्पा, निकामी झालेली मूत्रपिंडे, पक्षाघातानंतर अंथरुणाला खिळलेला देह किंवा विडीने आणि चुलीच्या धुराने पोखरलेली फुप्फुसे. यांपैकी काहीही असले की मोठ्या रुग्णालयातून निघताना नातेवाइकांच्या कानावर हे वाक्य पडते. डिस्चार्ज कार्डावर पाच-सहा औषधे असतात आणि खाली ‘गरज वाटल्यास दाखवणे’ अशी ओळ असते. घरी नेल्यावर सेवा करायची म्हणजे रोज नेमके काय करायचे, ते त्या कार्डावर नसते.

शिरोळ तालुक्यात हा प्रश्न रोजचा आहे. नृसिंहवाडी, औरवाड, कुरुंदवाड या पट्ट्यातला रुग्ण उपचारांसाठी मिरज, सांगली किंवा कोल्हापूर गाठतो. फारच झाले तर मुंबईचे टाटा. तालुक्यात कॅन्सर वाढल्याची चर्चा गेली अनेक वर्षे सुरू आहे. उसाला पडणारी खते आणि कीटकनाशके, क्षारपड जमीन, पंचगंगेचे पाणी यांवर बोलले जाते, लिहिले जाते. कारणे शोधलीच पाहिजेत. पण कारणांच्या या चर्चेत आज जो आजारी आहे तो मागे पडतो. त्याची रात्र कशी जाते, हे फारसे कोणी विचारत नाही.

बरा न होणारा आजार असलेल्या माणसाच्या वेदना, दम, उलट्या, जखमा, भीती आणि घरच्यांची ओढाताण कमी करण्याच्या या शाखेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक सेवा, परिहार सेवा अशी नावे सुचवली गेली. एकही तोंडात बसले नाही, म्हणून मीही इथे पॅलिएटिव्हच म्हणतो. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले, तिथून ही शाखा आधुनिक वैद्यकात रुजली. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन उभे राहिले, ते देशातले पहिले हॉस्पिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा सेवेची गरज असते आणि ती मिळते सुमारे १४ टक्क्यांना.

‘पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले’ हा समज शिकलेल्या माणसांतही घट्ट आहे. अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर झालेला आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास त्यांना सांगावासा वाटतो. नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह सेवा मिळालेल्या गटातले रुग्ण अधिक बरे राहिले, शेवटी शेवटी त्यांना जोरकस उपचारांचा मारा कमी सोसावा लागला, आणि तरीही ते सरासरी जास्त जगले. मध्यक आयुष्य ८.९ ऐवजी ११.६ महिने.

आता ही सेवा घरी देणार कोण? डॉक्टर रोज घरी जाऊ शकत नाही, आणि खरे सांगायचे तर रोजच्या कामातले बरेचसे डॉक्टरचे नसतेच. दम लागलेल्या माणसाला कसे बसवायचे, हे फिजिओथेरपिस्टला जास्त चांगले कळते. गिळताना ठसका लागतो तेव्हा स्पीच थेरपिस्ट लागतो. ‘काहीच खात नाहीत हो’ या तक्रारीचे उत्तर आहारतज्ज्ञाने द्यायचे. कर्ज, दोन भावांतली भांडणे, आजार सांगायचा की लपवायचा हा घोळ सोडवायला समाजसेवक किंवा समुपदेशक हवा. २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याने यांपैकी बहुतेकांना ‘संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक’ म्हणून मान्यता दिली. नर्स त्यात नाहीत, त्यांची परिषद वेगळी. कायदा झाला, पण राज्यांत परिषदा स्थापन होण्याचे काम इतके रेंगाळले की २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अंमलबजावणीचे आदेश द्यावे लागले.

गावपातळीवर चित्र आणखी विरळ आहे. उपकेंद्राचे आयुष्मान आरोग्य मंदिर झाले. तिथल्या १२ प्रकारच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि पॅलिएटिव्ह सेवा कागदावर आहे. प्रत्यक्ष घरात पाऊल टाकतात त्या आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारी. जयसिंगपूर-इचलकरंजीकडे खासगी फिजिओथेरपिस्ट आहेत, पण त्यांचा बहुतेक वेळ गुडघे आणि कंबर यांतच जातो. अशा रुग्णासाठी त्यांना बोलवावे, हे घरच्यांना सुचत नाही. बोलावले तरी ‘इथे व्यायाम काय करून घेणार’ या प्रश्नापाशी तेही थबकतात, कारण शिकताना हा विषय जेमतेम एखाद्या तासात उरकलेला असतो.

हा विषय आता शिकायला मिळतो, तोही फुकट आणि मोबाईलवर. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठाने तिथल्या सरकारच्या पैशातून ‘केअरसर्च’ नावाचा ज्ञानसाठा उभा केला आहे. त्यात फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, समाजसेवक यांच्यासाठी वेगळे विभाग आहेत. संशोधनाच्या महासागरातून पॅलिएटिव्हपुरतेच लेख गाळून काढणारी चाळणीही त्यांनी तयार करून ठेवली आहे. कॉक्रेन संस्था एकेका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासते आणि सामान्य माणसाला कळेल असा सारांश खुला ठेवते. आपल्याकडे तिरुवनंतपुरमची पॅलियम इंडिया ऑनलाइन अभ्यासक्रम चालवते. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचे संशोधनपत्र कोणालाही वाचता येते.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ‘कॅन्सरवर रामबाण’पेक्षा हे साहित्य वेगळे कसे? मजकूर कोणी लिहिला, शेवटचा कधी तपासला, कोणत्या अभ्यासांवर उभा आहे आणि कुठे पुरावा अपुरा आहे, हे चांगल्या ठिकाणी लिहिलेले असते. यातली शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रश्न टाकताच मराठीत सफाईदार उत्तर देणारी नवी यंत्रे मोबाईलमध्ये आली आहेत. त्यांच्या उत्तरात ‘इथे पुरावा अपुरा आहे’ हे वाक्य क्वचितच दिसते, आणि मात्रा विचारायची वेळ येते तेव्हा नेमके तेच हवे असते.

पुराव्याने प्रत्यक्षात काय बदलते, ते दमाच्या बाबतीत पाहू. धाप लागली की घरचे ऑक्सिजनसाठी धावतात. सिलिंडर भाड्याने येतो, माणूस नळीला बांधला जातो, पैसा जातो. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, रक्तातला ऑक्सिजन फार खाली न गेलेल्या २३९ रुग्णांपैकी काहींना नळीतून ऑक्सिजन आणि काहींना साधी हवा दिली गेली. दम कमी होण्यात दोघांत फरक पडला नाही. चेहऱ्यावर येणारा वाऱ्याचा झोत, पुढे झुकून टेकून बसणे, हळू श्वास सोडणे यांचा आराम मात्र अनेकांना मिळतो. एक छोटा हातपंखा आणि ही बैठक शिकवणारा फिजिओथेरपिस्ट, एवढ्यानेही घरातली घबराट अर्ध्यावर येते. ज्याचा ऑक्सिजन खरोखरच खाली आहे त्याला तो द्यायलाच हवा, म्हणून आधी बोटाला यंत्र लावून बघायचे.

सलाईनचेही तसेच. ‘चार दिवस पोटात काही नाही, निदान एक बाटली तरी लावा,’ हा आग्रह मी हजारदा ऐकला असेल. न लावणारा डॉक्टर निर्दयी ठरतो. कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातल्या १२९ रुग्णांवरचा अमेरिकेतला अभ्यास २०१३ मध्ये आला. काहींना रोज १ लिटर सलाईन, काहींना नावापुरते १०० मिलिलिटर. त्रासात फरक नाही, जगण्यातही नाही. आजार त्या टप्प्यावर गेला की शरीर अन्नपाणी मागेनासे होते. माणूस उपाशी राहतो म्हणून जात नाही. तो निघालेला असतो म्हणून खात नाही. हे आजीला, मुलाला, सुनेला समजावून सांगणे हे आहारतज्ज्ञाचे काम आहे आणि ते सोपे नाही. ओठ ओले ठेवणे, तोंड स्वच्छ करणे, मागेल ते घोटभर देणे. वाडीच्या घरात ‘दोन चमचे बासुंदी चालेल का?’ असे विचारले जाते. गिळता येत असेल तर जरूर चालेल. अशा वेळी साखरेचे पथ्य पाळायला लावणारी माणसे पाहिली की मला राग येतो.

दुर्गंधी येणाऱ्या जखमेमुळे तर माणूस वाळीत पडल्यासारखा होतो. गालाच्या कॅन्सरच्या रुग्णाला गोठ्याशेजारच्या खोलीत हलवलेले मी पाहिले आहे. मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची बारीक पूड त्या जखमेवर वापरली तर वास झपाट्याने कमी होतो. जखम धुण्याची रीत आणि ही पूड, दोन्ही एकदा दाखवले की घरची बाई स्वतः करते. मग नातवंडे पुन्हा जवळ बसू लागतात.

इतके सगळे उपलब्ध असताना अडते कुठे? पहिली अडचण भाषेची. हे सारे इंग्रजीत आहे, तेही वैद्यकीय इंग्रजीत. आशाताई मोबाईल सराईतपणे वापरतात, पण पंधरा पानांचा इंग्रजी सारांश त्यांनी रात्री स्वयंपाक उरकून वाचावा ही अपेक्षाच चुकीची आहे. केरळात कोळिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या कामातून पुढे गावोगावी स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले, ते मल्याळममधून बोलले म्हणून. मराठीत आपण पोलिओचे दोन थेंब घराघरात नेले. मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासून घ्यायचे, हे एक वाक्य मात्र सोप्या मराठीत छापलेले हाती पडत नाही.

दुसरी अडचण, लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचे घर वेगळे असते. वर-खाली होणारा पलंग, आंघोळीची खुर्ची, आठवड्याला येणारी नर्स. आपल्याकडे बाज किंवा जमिनीवरची गादी, लांब असलेले न्हाणीघर आणि दिवसभर ऊसतोडीला किंवा कारखान्यात गेलेला मुलगा. शय्याव्रण टाळण्यासाठी कूस बदलावी हे खरे, पण दुपारी घरात एकटी ऐंशीची म्हातारी असेल तर कोण बदलणार? तिला एकटीला जमेल अशी, चादरीच्या आधाराने कूस बदलण्याची युक्ती कुठल्याही मार्गदर्शिकेत शोधून काढावी लागते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी असल्या युक्त्या गोळा करून, तपासून लिहून काढल्या तर तोच खरा प्रबंध होईल.

तिसरी अडचण मॉर्फिनची, आणि इथे कितीही वाचन केले तरी भागत नाही. तीव्र वेदनेवरचे हे मूलभूत औषध महाग नाही. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने ते मिळणे इतके किचकट केले की रुग्णालयांनी नादच सोडला. २०१४ मध्ये संसदेने कायदा बदलला. आता अनेक खात्यांचे परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकांकडून संस्थेला मान्यता घेतली की पुरते. कायदा सुटसुटीत होऊन दशक उलटले तरी तालुक्याच्या ठिकाणी मॉर्फिनची गोळी मिळणे दुरापास्तच आहे. व्यसन लागेल ही भीती नातेवाइकांइतकीच आपल्या व्यवसायातही आहे. वेदनेसाठी, घड्याळ लावून, योग्य मात्रेत तोंडाने दिलेल्या मॉर्फिनबाबत ती अनाठायी आहे, आणि हे त्या फुकटच्या ज्ञानसाठ्यांत सविस्तर लिहिलेले आहे. ते वाचून फिजिओथेरपिस्टने ‘यांना मॉर्फिन हवे’ असे ओळखलेच, तर त्याने चिठ्ठी कुठे पाठवायची?

म्हणून नुसते ‘ऑनलाइन सगळे आहे’ म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. वाचणाऱ्याला विचारायला कोणीतरी हवे. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘एको’ ही पद्धत सुरू केली. ठरलेल्या दिवशी लांबलांबचे आरोग्यकर्मी पडद्यावर जमतात, एकेक जण आपला खरा रुग्ण मांडतो आणि तज्ज्ञांसकट सगळे त्यावर बोलतात. पॅलियम इंडियाने हीच पद्धत पॅलिएटिव्हसाठी वापरली. मिरज किंवा कोल्हापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आठवड्यातला एक तास मराठीत असा ठेवला, त्यात फिजिओथेरपी, आहार आणि समाजसेवा विभागांची माणसे बसवली, तर त्याला नवी इमारत लागत नाही. एक माणूस लागतो, ज्याच्या नेमणूकपत्रात हे काम लिहिलेले असेल. सध्या ते कोणाच्याच नेमणूकपत्रात नाही, आणि ज्याची आवड असेल तो बदली झाली की निघून जातो.

नृसिंहवाडीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे, जी ॲडलेडच्या पानांवर सापडणार नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर पाणी चढणे इथल्या लोकांना नवे नाही. दक्षिणद्वार सोहळ्याला तर गर्दी होते. पण २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर वेगळे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गावेच्या गावे नावांतून हलवावी लागली. अशा वेळी ऑक्सिजनचे यंत्र विजेअभावी बंद पडते, औषधांची पिशवी घरात राहते, आणि हाडांत कॅन्सर पसरलेल्या माणसाला चौघांनी उचलून नावेत ठेवताना होणाऱ्या वेदनेला नावेत कोणाकडेच उत्तर नसते. मणक्याला धोका असलेल्या रुग्णाला कसे उचलायचे, हे पावसाळ्याआधी घरच्यांना आणि बचाव पथकाला दाखवणे हे फिजिओथेरपिस्टचे एका दुपारचे काम आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर गरोदर मातांची यादी आशाताईंकडे तयार असते. त्याच वहीत मागच्या पानावर अंथरुणाला खिळलेल्यांची यादी सुरू करता येईल. नाव, आजार, उचलण्याची पद्धत, पंधरा दिवस पुरतील इतक्या वेदनेच्या आणि पोटाच्या गोळ्या प्लास्टिकच्या घट्ट डबीत, आणि डबीवर चिकटवलेला, रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर.