यू-टर्न घ्या, आणि नवा लॅपटॉपही घ्या!

अटल सेतूवरून पहिल्यांदा गेलो तेव्हा आमची गाडी चक्क समुद्रात होती. म्हणजे आम्ही पुलावरून मजेत चाललो होतो, पण डॅशबोर्डवरच्या बाबांच्या नेव्हिगेटरवर सगळीकडे निळं पाणी आणि मधोमध आमचा बाण! बिचारा सारखा विनवत होता, ‘शक्य असेल तिथे यू-टर्न घ्या.’ 21.8 किलोमीटरच्या पुलावर यू-टर्न! आई हसून बेजार. बाबा मात्र गंभीर. ‘नकाशा जुना झालाय. घरी गेल्यावर अपडेट कर,’ अशी ऑर्डर सुटली.

तुम्ही म्हणाल, फोन असताना हा डबा हवाय कशाला? मलाही तसंच वाटायचं. पण घाटात रेंज गेली आणि नकाशा आधी डाउनलोड केलेला नसला की फोन रुसून बसतो. डब्याचा नकाशा त्याच्या पोटातच असतो. आपण कुठे आहोत हे तो थेट उपग्रहांकडून विचारून घेतो. जीपीएसचा सिग्नल फुकट आहे. त्याला ना नेट लागतं, ना रिचार्ज. बारा वर्षांचा आमचा डबा आजही ठणठणीत आहे.

मग अडलं कुठे? तर आमच्या लॅपटॉपवर. नवा नकाशा घ्यायचा तर डबा केबलने कम्प्युटरला जोडायचा आणि कंपनीचा प्रोग्रॅम चालवायचा. आमच्या घरच्या लॅपटॉपवर विंडोज 7. तिचा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला. प्रोग्रॅमने एका ओळीत विषय मिटवला: ही ऑपरेटिंग सिस्टिम चालणार नाही.

आता गंमत बघा. नकाशाला नवा प्रोग्रॅम हवा, प्रोग्रॅमला नवी विंडोज हवी. विंडोज 11 टाकावी, तर तिला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते, ती आमच्या जुन्या लॅपटॉपमध्ये नाही. म्हणजे एका पुलाच्या नकाशासाठी आख्खा लॅपटॉप घ्या! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच. आणि डब्याच्या खोक्यावर काय छापलं होतं? ‘लाइफटाइम मॅप्स’. पण लाइफ कोणाचं? बाबांचं, डब्याचं की कंपनीच्या मूडचं?

कंपनीची बाजू अगदीच पोकळ नाही. सपोर्ट संपलेल्या सिस्टिममध्ये सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही. तिच्यावरून नेटवर जाणं म्हणजे कडी न लावता झोपणं. प्रत्येक जुन्या सिस्टिमवर प्रोग्रॅम तपासत बसायलाही खर्च येतो. मान्य! पण मग नकाशाची फाइल साधी डाउनलोड करता येऊ द्या ना. कोणत्याही कम्प्युटरवरून मेमरी कार्डात टाकली, कार्ड डब्यात घातलं, संपलं. डब्याला विंडोजशी काय देणंघेणं?

शेवटी मैत्रिणीचा लॅपटॉप मागून आणला आणि एका संध्याकाळी काम झालं. यातच सगळं आलं. डब्यात काहीच बिघाड नव्हता. मैत्रीण नसती, तर चालू वस्तू ई-कचऱ्यात गेली असती.

तुमच्या घरी असा डबा असेल तर दोन गोष्टी ऐका. कुठल्याशा साइटवरचा ‘क्रॅक’ नकाशा जुन्या लॅपटॉपवर उतरवू नका, नकाशाच्या जागी व्हायरस घरी येईल. आणि अपडेट करण्याआधी डब्यातल्या फाइल्सची कॉपी काढून ठेवा, अर्ध्यावर केबल उपटू नका. कंपनीने हात वर केलेच, तर ओपनस्ट्रीटमॅप आहे. 2004 मध्ये सुरू झालेला, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेला हा नकाशा. त्यापासून तयार केलेल्या फाइल्स काही नेव्हिगेटरवर चालतात.

पण प्रश्न एका डब्याचा नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्टही 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. तुमच्या बॅगेतला सेकंडहँड लॅपटॉप कोणत्या रांगेत उभा आहे, बघा जरा! उद्या हेच घड्याळाचं, स्कूटरचं, टीव्हीचं होणार. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, मग हजारो रुपयांच्या गॅजेटवर ‘अपडेट अमुक वर्षापर्यंत’ असं का नको? ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून नेटला जोडता येणारी घरगुती उपकरणं विकताना किमान किती काळ सुरक्षा अपडेट मिळतील, हे सांगणं बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. सुरुवात चांगली आहे, पण दुरुस्तीच्या हक्कात अपडेटही यायला हवं.

तोवर आपण एवढं करू शकतो. पुढच्या वेळी दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल, हे विचारून झालं की आणखी एक प्रश्न विचारा: ‘अपडेट कधीपर्यंत मिळणार?’ दुकानदार गडबडेल. गडबडू दे. दहा जणांनी विचारलं की तोच प्रश्न तो कंपनीला विचारेल.

आणि हो, परवा पुन्हा अटल सेतूवरून गेलो. बाण रस्त्यावर होता.