चित्रांची पोथी आणि सुटकेसमधले संग्रहालय

कलाप्रदर्शन ही एक स्थावर गोष्ट आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो. कलादालन एका जागी असते, भिंती ठरलेल्या असतात, चित्रे लाकडी पेट्यांत बंद होऊन विमा, जकात आणि पोचपावत्या यांच्या मार्गाने तेथे पोचतात आणि कलावंत उद्घाटनापुरता पाहुणा म्हणून येतो. या गृहीताला गेल्या काही दशकांत सातत्याने छेद देणाऱ्या भारतीय छायाचित्रकारांत दयानिता सिंग यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. आपले प्रदर्शन एकट्या व्यक्तीला उचलून नेता आले पाहिजे, त्याचे दार तिच्याच हाताने उघडले आणि मिटले पाहिजे, हा त्यांच्या कार्यामागील आग्रह आहे. या आग्रहाची दखल दृश्यकलेच्या समीक्षकांनी घेतली. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी मात्र ती अजून पुरेशी घेतलेली नाही. वस्तुतः हा प्रश्न जितका चित्राचा, तितकाच कथनाचा आहे.

सिंग यांचा जन्म १९६१ मधला, दिल्लीचा. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये शिकत असताना त्या झाकीर हुसेन यांच्या हिवाळी मैफलींच्या दौऱ्यांवर जाऊ लागल्या आणि त्यातून १९८६ मध्ये त्यांचे पहिले पुस्तक सिद्ध झाले. पुढे ‘सेंट अ लेटर’ (२००८) या संचात त्यांनी घडीची सात छोटी पुस्तके कापडी आवरणाच्या पेटीत घातली. या पुस्तकांचे मूळ प्रवासात होते. बरोबरच्या स्नेह्यासाठी छोट्या छायाचित्रांची एक घडीवही करायची, तिच्या दोन प्रती काढायच्या, एक त्याला पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची, अशी ती रीत होती. घडी उलगडून टेबलावर उभी केली की पुस्तकाचे प्रदर्शन होते आणि मिटली की प्रदर्शनाचे पुस्तक होते. २०१३ मध्ये लंडनच्या हेवर्ड गॅलरीत त्यांनी सागवानी घडीच्या पडद्यांसारख्या रचना मांडल्या. त्यांच्या खणांत शंभर-सव्वाशे छायाचित्रे मावतात, काही दर्शनी राहतात, उरलेली आतच साठविली जातात आणि क्रम हवा तेव्हा बदलता येतो. या रचनांना त्यांनी ‘संग्रहालय’ असेच नाव दिले. त्यानंतर ‘म्यूझियम ऑफ चान्स’ या पुस्तकाच्या निरनिराळ्या मुखपृष्ठांच्या प्रती चौकटींसह चामडी सुटकेसांत बसवून त्यांनी ‘सुटकेस म्यूझियम’ सिद्ध केले. २०२२ मध्ये त्यांना हासेलब्लाड पुरस्कार मिळाला, तेव्हा छायाचित्राच्या मांडणीचे हे नवे मार्गही जगाच्या नजरेसमोर होते.

या खटाटोपाला केवळ सोयीचा भाग समजणे चुकीचे ठरेल. सोय तर आहेच. ज्या प्रदर्शनाला पेट्या, मालवाहतूक आणि तापमान राखणारी दालने लागत नाहीत, ते संस्थेच्या अनुग्रहावर कमी अवलंबून असते. एकट्याने प्रवास करणाऱ्या कलावंताला, विशेषतः स्त्री कलावंताला, हे स्वातंत्र्य लहान नव्हे. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. भिंतीवर टांगलेली चित्रे प्रेक्षक कोणत्याही दिशेने पाहू शकतो. घडीवही मात्र एक चित्र दुसऱ्याच्या शेजारी बसविते आणि त्या शेजारातून अर्थ जन्मास घालते. एकच छायाचित्र एका पुस्तकात विरहाचे असेल, दुसऱ्या पुस्तकात ते निव्वळ एका रिकाम्या खोलीचे असेल. क्रम लावणारा हात येथे निवेदकाचे काम करतो. ‘हाउस ऑफ लव्ह’ (२०११) या पुस्तकाची रचना नऊ कथांची आहे, हे या दृष्टीने लक्षणीय आहे. क्रम, पुनरुक्ती, विराम आणि पाठभेद ही ज्यांच्या अभ्यासाची साधने आहेत, त्यांना असे पुस्तक परके वाटण्याचे कारण नाही.

अशा कृतीचा पूर्वज शोधू लागले की समीक्षकाचा हात प्रथम मार्सेल द्यूशाँकडे जातो. स्वतःच्या कृतींच्या लघुप्रतिकृती पेटीत बसवून द्यूशाँने १९४१ च्या सुमारास जे फिरते संग्रहालय तयार केले, ते विसाव्या शतकातील कलेच्या इतिहासात सुप्रतिष्ठित आहे. ही तुलना रास्तच आहे. परंतु तेवढ्यावर थांबणे म्हणजे आपल्याच घरातील मोठे दालन न उघडता परत फिरणे होय. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन घरोघर हिंडतो, कारण यमपट दाखविणाऱ्याला सर्वत्र सहज प्रवेश असतो, हे नाटककाराला ठाऊक आहे. बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त पित्याच्या आजारपणाची वार्ता ऐकून परतणाऱ्या हर्षाला बाजारात मुलांच्या गराड्यात बसलेला यमपट्टिक दिसतो. जैन परंपरेनुसार मक्खली गोशाल हा मंखाचा, म्हणजे चित्र दाखवून उपजीविका करणाऱ्याचा, पुत्र होता. बंगालचे पटुआ, राजस्थानचे फड वाचणारे भोपे, गुजरातचे गरोडा आणि कोकणातील कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हे याच विस्तृत कुळातले.

पिंगुळीच्या ठाकर समाजातील चित्रकथ्यांची पोथी म्हणजे रंगविलेल्या सुट्या पानांचा संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. चित्रकथी एकेक पान श्रोत्यांसमोर धरतो आणि वीणा, हुडूक व झांज यांच्या साथीने रामायण-महाभारतातील प्रसंग गातो, सांगतो. पान उलटले की कथा पुढे सरकते. शब्द चित्राला पुढे नेतात आणि चित्र शब्दाला थोपवून धरते. सावंतवाडी संस्थानच्या आश्रयाने टिकलेली ही कला विसाव्या शतकात क्षीण झाली. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात संग्रहालय उभे करून ती जपली आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ज्याने चित्र दाखवायचे त्यानेच संग्रहालय बांधायचे, ही गोष्ट गोठ्यात घडली काय किंवा सुटकेसमध्ये घडली काय, तिचा अर्थ एकच आहे. चित्र आणि ते वाहणारी व्यक्ती यांची ताटातूट दोघांनाही मान्य नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सिंग यांच्यावर पिंगुळीचा प्रभाव पडला, असे सुचविण्याचा हेतू नाही. तौलनिक अभ्यासात प्रभाव आणि साधर्म्य यांची गल्लत करणे हा जुना दोष आहे. साधर्म्य मान्य केल्यावर भेदही तितक्याच काटेकोरपणे पाहिले पाहिजेत. पहिला भेद शब्दाचा. चित्रकथीचे पान गायनावाचून अर्धे असते. सिंग यांच्या बहुतेक पुस्तकांत छायाचित्राखाली स्थळकाळाची ओळही नसते आणि जो शब्द तेथे असू शकला असता, त्याची जागा शेजारचे चित्र घेते. दुसरा भेद एकटेपणाचा. आधुनिक छायाचित्रकार एकटा निघतो, कारण त्याची कृती त्याच्या एकट्याच्या नावावर असते. चित्रकथी साथीदारांसह निघतो आणि त्याची पोथी वाडवडिलांची असते. तिसरा भेद अर्थकारणाचा असून तो सर्वांत कठोर आहे. छायाचित्रकाराच्या सुटकेसला महानगरांतील दालने आदराने जागा देतात. चित्रकथ्याची पाने मात्र, पोटाची निकड पडली तेव्हा, संग्राहकांकडे गेली.

एक आक्षेप असा घेतला जाईल की, छायाचित्र ही यंत्राने घडविलेली, कितीही प्रती निघणारी वस्तू आहे. तिची तुलना हाताने रंगविलेल्या एकमेव पानाशी कशी करावी? हा आक्षेप चित्राच्या उत्पत्तीपुरता खरा आहे, सादरीकरणापुरता नव्हे. चित्रकथ्याचेही पान जीर्ण झाले की नवे रंगविले जाई. एकमेवत्व पानात नव्हते, त्या दिवशीच्या प्रयोगात होते. सिंग यांच्या पुस्तकाच्या प्रती हजारो असतील. परंतु कोणते पान वर, कोणते खाली, कोणते आत झाकलेले, हा निर्णय प्रत्येक मांडणीच्या वेळी नव्याने होतो. तोंडी परंपरेच्या अभ्यासकांनी संहिता आणि प्रयोग यांत जो विवेक केला आहे, तो येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो.

आता प्रश्न उरतो तो आपल्या संस्थांचा. संग्रहालयांत चित्रकथी शैलीची पाने काचेआड सुरक्षित आहेत आणि त्याबद्दल कृतज्ञ असलेच पाहिजे. परंतु काचेआड पान ठेवताना ते कोणत्या कथेतले, कितव्या क्रमाचे, त्यावेळी कोणते शब्द गायिले जात, हे जर नोंदविले गेले नाही, तर आपण ग्रंथाची पाने जपली आणि ग्रंथ हरवला, असे होते. साहित्याच्या विभागांचा दोष याहून मोठा आहे. शब्द तेवढे आमचे आणि चित्र तेवढे कलामहाविद्यालयांचे, ही वाटणी आपण परकीय अभ्यासक्रमांकडून घेतली आणि तिची फेरतपासणी केली नाही. आपण कोणाला कोणाचा पूर्वज म्हणतो, यावर काय जतन होणार हेही ठरत असते. सुटकेसमधील संग्रहालयाची वंशावळ द्यूशाँपाशी संपविली, तर पिंगुळीची पोथी केवळ ‘लोककला’ या खणात पडून राहील.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, चित्रकथनाच्या ज्या पोथ्यांचे गायक आज हयात आहेत, त्यांची पाने आणि गायन यांची एकत्र, क्रमवार नोंद भारतीय भाषांच्या विभागांनी हाती घ्यावी, कारण त्यातील कोकणी-मराठी बोलीचे पाठ जाणण्याची साधने कलासंग्रहालयांकडे नाहीत. दुसरी, प्रदर्शनासाठी कृती मागविताना तिच्या वाहकालाही सन्मानाने पाचारण करावे. पेट्यांच्या भाड्याची तरतूद होते, तशीच त्याच्या प्रवासाची आणि मानधनाचीही व्हावी. ज्याला स्वतःचे प्रदर्शन स्वतः उचलून नेण्याचे बळ आहे, तो संस्थेवाचूनही उभा राहील. ज्याला ते नाही, त्याची पोथी आपल्या दारी येईल, तेव्हा तिच्याबरोबर तो स्वतः आला आहे की नाही, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच आहे.