मालक नकोत, वर्गणीदार हवेत!

मी शिरवळचा शाळामास्तर. कादंबऱ्या लिहितो, पण शिक्षण मॅट्रिकपुरतेच. तेव्हा अर्थशास्त्र मला कळत नाही हे आधीच कबूल करतो. पावतीपुस्तक मात्र कळते.

गेल्या साली गावच्या पोरांच्या फुटबॉल संघासाठी ते घेऊन मी हिंडलो. दहीहंडीला न विचारता एक हजार एक रुपये देणारे एक दुकानदार मला म्हणाले, "मास्तर, चेंडूवर आमचं नाव येणार काय?" आपल्या फुटबॉलची सारी कुंडली त्या एका प्रश्नात आहे.

नावासाठी दिलेला पैसा नावाचा कंटाळा येईतोच टिकतो. मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता होता. २०१० मध्ये तो बंद झाला. कंपनी बुडाली नव्हती, तिचे मन बदलले होते. पुणे एफ.सी. २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये मालकांनी हात काढून घेतला. क्लब गेला, आणि विचारायचे कुणाला?

आमच्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला कोल्हापूर आहे. तेथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल हे तालमींचे संघ. बूट, प्रवास, खेळाडूंचे मानधन यांची ओढाताण नित्याची; वर्गणी, बक्षिसे आणि देणगीदारांची मर्जी यांवर गाडा चालतो. तरी शाहू स्टेडियम भरते. कारण पेठेचे मन एका सभेत बदलत नाही.

कुणी म्हणेल, मास्तर तालमींचे भाट झाले. नव्हे! ईर्ष्येपोटी बाहेरचे खेळाडू आणायचे आणि गल्लीतले पोर बाकावर बसवायचे, हाही पैशाचा नाशच. हिशेब फळ्यावर लावा, मग वर्गणी मागा.

पण खरा दोष वरच्यांचा. इंडियन सुपर लीग २०१४ साली सुरू झाली. खालच्या लीगमधून जिंकून वर जाण्याचे दार पहिल्यांदा उघडले ते २०२३ मध्ये, पंजाबच्या संघासाठी. वर चढायची वाट नसेल तर खाली पैसा कोण लावील? खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर रकमेतले पाच टक्के त्याला बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या क्लबांना द्यावेत, असा जागतिक संघटनेचा नियम आहे. तेच तत्त्व घरी आणा. वरच्या लीगच्या मिळकतीतला ठरलेला वाटा खालच्या क्लबांना मिळालाच पाहिजे. दान म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

त्या दुकानदारांना मी सांगितले, "चेंडूवर गावाचं नाव येईल. तुम्ही शंभरच रुपये द्या, पण दर साल द्या. आणि मैदानावर येऊन हिशेब विचारा."

त्यांनी शंभर दिले. हिशेब विचारायला अजून आलेले नाहीत. मी वाट पाहतो आहे.